चारोळीचं रोप बियांपासून करताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंगणात अक्रोड लावायची हौस मलाही होती. दोन हिवाळे काश्मिरी अक्रोड ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवले. एक रुजला आणि एप्रिलच्या उन्हात गेला. त्या झाडाला लांब, कडक थंडी लागते. निफाडचा पारा चार रात्री खाली उतरला म्हणून त्याचं भागत नाही. तेव्हा कठीण कवचाचं, आपल्या हवेतलं झाड हवं असेल तर पेठ-सुरगाण्याच्या रानातली चार लावा. चार म्हणजे आपली चारोळी. आंबा-काजूच्या कुळातलं, बेताच्या उंचीचं झाड.

वाण्याकडची चारोळी मात्र पेरू नका. ती कवच फोडून काढलेली, वाळवलेली असते. बासुंदीला उत्तम, मातीत चार दिवसांत बुळबुळीत. बी हवं ते कवचासकट, आणि त्याच हंगामातलं.

सगळं घोडं अडतं ते या दुसऱ्या अटीवर. फळं एप्रिल-मेमध्ये काळी-जांभळी होतात, आणि बियांची उगवण त्यानंतर झपाट्याने कमी होत जाते. पहिल्या वर्षी ओळखीतून ४० बिया आल्या. मी त्या बरणीत जपून ठेवल्या आणि दिवाळीनंतर सवडीने पेरल्या. तीन महिने इमानेइतबारे पाणी घातलं. शेवटी उकरून एक फोडली, तर आत तपकिरी गर आणि खवट खोबऱ्याचा वास. पाण्याचा, खताचा, मातीचा काही दोष नव्हता. बी पेरलं तेव्हाच मेलेलं होतं. आता फळं आली की त्याच दिवशी वाळूत चोळून गर धुऊन काढतो (राहिला तर बुरशी धरते), बिया पाण्यात टाकतो, तरंगतात त्या बहुतेक पोकळ म्हणून फेकतो आणि उरलेल्या आठवड्याच्या आत पेरतो. जून तोंडावर असतो, रानातही त्या तेव्हाच रुजतात.

ताजं बी असूनही उगवत नसेल तर कवच बघा. ते टणक असतं, पण कडेने एक शिवण असते. बी दिवसभर भिजवायचं, शिवण उभी धरून अडकित्त्यात ठेवायचं आणि हलकेच दाबायचं. 'टक्' असा बारीक आवाज आला की थांबा. चीर पडली तरी पुरे, डाळी सुट्या झाल्या तर ते बी तोंडात टाका, दुसरं घ्या. कानस घेऊन शिवणीवर घासलं तरी चालतं, फक्त वेळ खातं. चीर पाडलेल्या माझ्या बिया साधारण तीन आठवड्यांत वर आल्या; न फोडलेल्यांतल्या निम्म्याही आल्या नाहीत.

दह्याच्या डब्यात किंवा उथळ कुंडीत पेरणं ही पुढची चूक. चार आधी सोटमूळ खाली सोडते, पानं मागाहून. डब्यात ते मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि पुढे जमिनीत लावलं तरी झाड खुरटं राहतं. किमान १२ इंच उंचीची पिशवी घ्या, तळाला भोकं पाडा. बी बोटाच्या एका पेराएवढं खोल पुरेसं. वर बारीक जाळी टाका, नाहीतर खारी रातोरात मेजवानी करतात.

कोवळी रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होत असतील तर पाणी जास्त होतंय. आपली काळी माती एकटी वापरलीत तर हे होणारच. मी एक भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि थोडं जुनं शेणखत घेतो. जमिनीत लावतानाही हेच पाहा. चार मुरमाड उतारावरची. द्राक्षाच्या बागेसारख्या भारी, पाणी धरणाऱ्या रानात लावायचीच असेल तर उंचवटा करून लावा. रोपाला एक उन्हाळा पिशवीत, दुपारच्या सावलीत काढू द्या आणि दुसऱ्या पावसाळ्यात जागेवर न्या. लावताना पिशवी कापून काढा, ओढून नाही.

त्या पहिल्या उन्हाळ्यात पानं झडून रोप नुसती काडी उरली तर लगेच उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर आठवड्यातून दोनदा थोडं पाणी घालत राहा. माझ्या अशा एका काडीला मृगाच्या दुसऱ्या सरीनंतर अगदी तळाशी तांबूस कोंब फुटला.