समोच्च रेषांवरून उभा छेद कसा काढावा

समोच्च रेषा म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा; उभा छेद म्हणजे दोन बिंदूंमधली जमीन उभी कापली तर दिसणारा तिचा चढ-उतार. नकाशावरचे अ आणि ब बिंदू सरळ रेषेने जोडा. कागदी पट्टीची कड त्या रेषेवर ठेवून समोच्च रेषा जिथे जिथे छेदतात तिथे खूण करा आणि उंची लगेच लिहा. नंतर लिहू म्हटलं की घोळ झालाच. पट्टी आलेखाच्या पायारेषेला लावून खुणांच्या सरळ वर, त्या त्या उंचीवर बिंदू द्या. ते मोकळ्या हाताने जोडा.

शेजारच्या दोन खुणांची उंची सारखी असेल, तर मध्ये माथा किंवा दरी असते. तिथे रेषा सपाट ओढू नका, किंचित वर वा खाली वळवा. (नदी असेल तर अर्थात खाली.)

१:५०,००० च्या नकाशासाठी उभे प्रमाण (आलेखावर उंचीसाठीचे) १ सेमी = १०० मीटर घेतले, तर आडव्या अंतराच्या (१ सेमी = ५०० मीटर) तुलनेत उंची ५ पट फुगते आणि मध्यम चढही कड्यासारखा दिसतो.