बायबल शिकवताना या चुका टाळा

चर्चमधल्या तरुणांच्या वर्गात मी एकदा यिर्मया २९:११ (यिर्मया या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन) शिकवलं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो, ते वचन. परीक्षेचे दिवस होते. मी ते प्रत्येकाला कार्डावर लिहून दिलं आणि म्हटलं, हे तुझ्यासाठी आहे, धरून ठेव. निकाल लागल्यावर एक मुलगा वर्ग संपल्यावर मागे थांबला. पाकिटात ठेवून ठेवून कार्डाच्या कडा झिजल्या होत्या. ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून त्याने विचारलं, "मग हे कोणासाठी होतं?" तो नापास झाला होता. पण त्याचा विश्वास हलला तो नापास झाल्यामुळे नाही, माझ्या शिकवण्यामुळे हलला. देवाने त्याला न दिलेलं वचन मी देवाच्या नावाने देऊन बसलो होतो.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल नसतं असं क्वचितच होतं. ते वेदीवर असतं, हातात असतं, मोबाइलमध्ये असतं, भिंतीवर लावलेलं असतं. अडचण असते ती ते शिकवण्याच्या पद्धतीत. वर्षानुवर्षं उपासनेला येणाऱ्यांना शंभर वचनं पाठ असतात, आणि एक अध्याय स्वतः वाचून त्याचा अर्थ लावायला सांगितलं तर ते घाबरतात. हे असं का होतं आणि कुठे दुरुस्ती करायची, ते पुढे लिहितो आहे.

एकच वचन तोडून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो. त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात बोलावलं आणि आम्ही दोघांनी यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय मोठ्याने वाचले. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ते ऐकायला गोड, पण खोटं होतं. यिर्मया बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात गेलेल्या यहूदी लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटका सत्तर वर्षांनी होईल. ११ वं वचन त्याच्या लगेच पुढे येतं. मुलगा दहाव्या वचनाशी थांबला, मनात हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे हे पत्र ऐकणारे बरेच जण परत गेलेच नसतील." बरोबर. हे वचन लगेच यश मिळेल असं सांगत नाही. परक्या मुलखात आयुष्य काढतानाही देवाने आपल्या लोकांना सोडलेलं नाही, हे ते सांगतं. नापास झालेल्या मुलाला त्या दिवशी हेच ऐकायची गरज होती, आणि ते पहिल्यापासून त्याच पानावर होतं.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही असंच होतं. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, हे स्पर्धा जिंकण्यासाठी वापरलं जातं. प्रेषित पौल ते कैदेतून लिहितो आहे आणि आदल्याच वचनात तृप्त असण्याबद्दल आणि भुकेलं राहण्याबद्दल बोलतो आहे. दोन किंवा तीन जण जिथे जमतात तिथे मी असतो, हे मत्तय १८:२० आपण उपस्थिती कमी असली की म्हणतो. तो भाग मात्र चुकलेल्या भावाला परत मिळवण्याबद्दल आहे, आणि 'दोन किंवा तीन' हे चार वचनं आधी साक्षीदारांच्या संदर्भात आलेलं आहे. प्रीतीवरचा १ करिंथकरांस १३ वा अध्याय लग्नात वाचतात, तो वाचावाच. पण पौलाने तो कृपादानांवरून (देवाने दिलेल्या आत्मिक देणग्यांवरून) एकमेकांना कमी लेखणाऱ्या मंडळीसाठी, १२ आणि १४ या अध्यायांच्या मधोमध लिहिला, हे नवऱ्या-नवरीने ऐकलं तर त्यांचंही भलंच होईल.

मूळ लेखनात अध्यायांचे आणि वचनांचे आकडे नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूने पाडले असं मानलं जातं. नव्या कराराला आजचे वचनांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. जागा सापडावी म्हणून आकडे घातले, आणि आपण प्रत्येक आकड्याला सुटी चिठ्ठी समजायला लागलो.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त वेळ मागते. कुठलंही वचन शिकवण्याआधी त्याचा पूर्ण अध्याय वर्गात मोठ्याने वाचा. मग तीनच प्रश्न विचारा: कोण बोलतं आहे, कोणाशी, आणि त्याच्या आधी काय घडलं? आपल्याला लागू काय होतं, हा प्रश्न चौथा. तो पहिल्या जागी आणू नका.

आधी विषय, मग वचन

संदेश देणाऱ्याच्या मनात विषय ठरलेला असतो आणि तो त्याला जुळणारं वचन शोधतो. कधीकधी हे चालतं. पण वर्षभर असंच चाललं तर मंडळीला बायबल कळत नाही, उपदेशकाच्या आवडीनिवडी कळतात. अवघड भागांची पाळी कधी येतच नाही. तुमच्या मंडळीत हे होतं आहे का, ते बघायचं असेल तर मागच्या वर्षीच्या संदेशांचे शास्त्रभाग एका कागदावर लिहून काढा. ६६ पुस्तकांपैकी किती पुस्तकं उघडली गेली ते लगेच दिसेल.

उपाय म्हणजे एक पुस्तक घेऊन क्रमाने शिकवणं. धर्मसुधारक जॉन कॅल्विनला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं. १५४१ मध्ये लोकांनीच त्याला परत बोलावलं, तेव्हा व्यासपीठावर उभं राहून त्याने जुना हिशेब काढला नाही. तीन वर्षांपूर्वी जिथे थांबला होता, त्याच्या पुढच्या भागापासून त्याने शिकवायला सुरुवात केली. शास्त्रभाग ठरलेला असला की शिकवणाऱ्यालाही त्याच्यापुढे नमावं लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सुरुवातीला मार्काचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत. मोठ्याने वाचलं तर सगळं शुभवर्तमान साधारण दीड तासात होतं.

जुना करार बाजूला ठेवणं हीसुद्धा याच चुकीची शाखा आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने जुना करार नाकारला आणि मंडळीने त्याला नाकारलं. आज कोणी उघडपणे नाकारत नाही, फक्त उघडत नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूने आपल्या दोन शिष्यांना मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात करून शिकवलं होतं.

प्रश्नाला अविश्वास समजणं

वर्ग गप्प बसला असेल तर ते समजलं म्हणून गप्प आहेत असं धरून चालू नका. बहुतेक वेळा आधी कधीतरी कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो आणि त्याला "फक्त विश्वास ठेवा" असं उत्तर मिळालेलं असतं. बिरुया नगरातले लोक दररोज शास्त्र तपासत होते, आणि ते तपासत होते ते पौलाचं बोलणं. प्रेषितांच्या कृत्यांत लूक त्यांची तक्रार करत नाही, त्यांना थोर मनाचे म्हणतो. रथात यशया वाचत बसलेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला सुवार्तिक फिलिप्प विचारतो, वाचता ते समजतं का? तो सरळ म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो आणि ज्या वचनापाशी तो अडला आहे तिथूनच सुरुवात करतो.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात बघून सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. हे दोनतीनदा झालं की वर्ग बोलायला लागतो.

सगळ्यांना येतं असं धरणं

"हबक्कूक, अध्याय दोन काढा," असं म्हणून शिकवणारा लगेच वाचायला लागतो. मागच्या बाकावर नव्याने आलेली बाई पानं उलटत राहते, शेजारणीच्या पुस्तकाकडे तिरक्या नजरेने बघते, आणि वाचन संपेपर्यंत कुठलंतरी पान उघडून मान खाली घालते. पुढच्या वेळी ती बायबल आणतच नाही. पान क्रमांक सांगा, दहा सेकंद थांबा. नीतिमान ठरवणं, पवित्रीकरण, करार, हे शब्द आले की प्रत्येक वेळी एका वाक्यात अर्थ सांगा.

जुने सभासदही यात येतात. सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी दिल्यावर धर्मसुधारक मार्टिन लूथर लोकांचं आणि अनेक पाळकांचंही अज्ञान पाहून इतका व्यथित झाला की १५२९ मध्ये त्याने दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना यांवर छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. त्याने मुळापासून सुरुवात केली. शास्त्री एज्राच्या काळातही नियमशास्त्र नुसतं वाचून दाखवलं नव्हतं, लेवी लोकांना अर्थ समजावून देत होते. नहेम्या ८:८ मध्ये ते लिहिलेलं आहे.

मुलांना फक्त बोधकथा सांगणं

"दाविदासारखे शूर व्हा" असं म्हणून धडा संपवू नका. १ शमुवेल १७ मध्ये गल्याथासमोर उभा असलेला दावीद स्वतः म्हणतो की लढाई परमेश्वराची आहे. मुलांना तेच सांगा. पदरचं काही घालू नका, कारण मूल मोठं होऊन स्वतः वाचतं. मत्तय बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांची संख्या देत नाही, उत्पत्तीत आदाम-हव्वेने खाल्लेलं फळ सफरचंद होतं असं लिहिलेलं नाही.

तयारीविना वर्ग सोपवणं

शिकवणारं कोणी मिळत नाही म्हणून उत्साही तरुणाच्या हाती शनिवारी रात्री पुस्तक द्यायचं, आणि चुकला की सगळ्यांसमोर बोलायचं, हे दोन्ही टाळा. प्रेषितांच्या काळातला उपदेशक अपुल्लो शास्त्रात पारंगत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने सभास्थानात त्याला अडवलं नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावला. नव्या शिक्षकाला आधी दोन-तीन महिने अनुभवी शिक्षकाशेजारी बसू द्या, मग एक भाग शिकवू द्या, आणि वर्ग संपल्यावर दार लोटून त्याच्याशी अर्धा तास बोला. त्यातली पहिली दहा मिनिटं त्यालाच बोलू द्या.