नमपायला पॅच पाठवताय? मग या चुका टाळा

नमपाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, आणि पॅच म्हणजे तिच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. सगळ्यात डोकं फिरवणारी चूक आधी घेऊ, कारण ती दर आठवड्याला नव्या नावाने येते. सीआयवर, म्हणजे प्रत्येक पॅचवर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर, एक टेस्ट लाल होते. पॅच पाठवणारा टेस्टची फाइल उघडतो, आरटॉल (उत्तरात किती फरक चालेल ती मर्यादा) सैल करतो आणि पुन्हा पुश करतो. सगळं हिरवं. कमिटचा मजकूर असतो ‘टेस्ट दुरुस्त केली’. प्रत्यक्षात दुरुस्त काहीच झालेलं नसतं. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून दिलेला असतो.

आधी हे आरटॉल काय करतं ते बघा. असर्ट ऑलक्लोज हे फंक्शन मिळालेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांतला फरक काढतं. तो फरक ‘एटॉल अधिक आरटॉल गुणिले अपेक्षित उत्तर’ याच्या आत असेल तरच टेस्ट पास होते; एटॉल ही फरकाची ठरावीक मर्यादा, आरटॉल ही उत्तराच्या प्रमाणातली. काहीच दिलं नाही तर आरटॉल कोटीत एक असतो आणि एटॉल शून्य. यातून दोन अडचणी हमखास उभ्या राहतात. एक, फ्लोट३२ मध्ये (३२ बिटांत साठवलेल्या दशांश संख्येत) १ आणि त्याच्या लगेच पुढची संख्या यांत ८३,८८,६०८ मध्ये १ इतकं अंतर असतं, म्हणजे कोटीत एकपेक्षा जास्तच. शेवटचा एक बिट हलला तरी टेस्ट नापास होऊ शकते. दोन, अपेक्षित उत्तर शून्य असेल तर आरटॉलचा काही उपयोग नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. फ्लोट६४ मध्ये पायचा (π) साइन काढला की नेमकं शून्य कधीच येत नाही, दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं सोडून काहीतरी उरतंच. तिथे एटॉल द्यावाच लागतो, आणि तोही इनपुटच्या आकारमानाकडे बघून.

आता सैल टॉलरन्सची, म्हणजे फरकाच्या सैल मर्यादेची, किंमत मोजू. नमपायच्या दस्तऐवजात मीन या फंक्शनखाली एक उदाहरण आहे. फ्लोट३२ चा ॲरे (आकड्यांचा तक्ता), दोन ओळी, प्रत्येक ओळीत २,६२,१४४ घरं. पहिल्या ओळीत सगळीकडे १, दुसरीत सगळीकडे ०.१. सरासरी ०.५५ यायला हवी. फ्लोट३२ मध्ये छापलेलं उत्तर आहे ०.५४९९९९२४. डीटाइप (आकडे कोणत्या प्रकारात साठवायचे ते) फ्लोट६४ दिला की उत्तर ०.५५ च्या इतकं जवळ जातं की फरक दशांशाच्या दहाव्या स्थानावर दिसतो. फ्लोट३२ ची चूक दहा लाखांत दीडच्याही आत आहे, पण कोटीत एक या मापाने टेस्ट नापास. घाईतला माणूस इथे आरटॉल थेट शंभरात एक करून मोकळा होतो.

काही महिन्यांनी दुसरा कोणी नमपायच्या बेरजेचं सी भाषेतलं लूप ‘सोपं’ करतो. मूळ लूप आकडे एकामागून एक मिळवत नाही. ते १२८ पर्यंतच्या गठ्ठ्यांची बेरीज करतं आणि मग गठ्ठे जोडीजोडीने मिळवतं. साध्या लूपने काय होतं, ते कागदावर करून बघता येतं. पहिली ओळ संपेपर्यंत बेरीज २,६२,१४४, अगदी अचूक. पण या आकड्याजवळ फ्लोट३२ च्या लागोपाठच्या दोन संख्यांत ०.०३१२५ चं अंतर असतं. त्यामुळे पुढे प्रत्येक वेळी ०.१ मिळवला की खरं तर ०.०९३७५ च मिळवला जातो. २,६२,१४४ वेळा हे झालं की एकूण २,८६,७२०, आणि सरासरी ०.५४६८७५. तिसऱ्याच अंकात चूक आहे, आणि शंभरात एकच्या आरटॉलमधून ती बिनबोभाट पास होते. दोष पहिल्या पॅचचा, पण तो सापडेल तेव्हा शिव्या दुसऱ्याला बसतील.

म्हणून टॉलरन्सला हात लावण्याआधी तीन गोष्टी लिहून काढायची सवय लावा: काय अपेक्षित होतं, काय आलं, आणि फरक किती यूएलपीचा आहे. यूएलपी म्हणजे त्या जागी लगतच्या दोन फ्लोट संख्यांमधलं अंतर. फरक दोन-चार यूएलपीचा असेल आणि एकाच प्लॅटफॉर्मवर दिसत असेल, तर आरटॉल त्या डीटाइपच्या एप्सिलॉनच्या (१ आणि त्याच्या लगेच पुढची संख्या यांतलं अंतर) पटीत द्या आणि शेजारी एका ओळीत कारण लिहा. फरक हजारो यूएलपीचा असेल तर टेस्टची फाइल मिटा आणि कोड उघडा. अपेक्षित उत्तर जुन्या कोडच्या आउटपुटवरून चिकटवू नका, एमपीमॅथ या हव्या तितक्या अंकांवर हिशोब करणाऱ्या लायब्ररीत ५० अंकांवर काढा. तिथेही एक खड्डा आहे: एमपीमॅथच्या एमपीएफ या संख्या-प्रकाराला ०.१ अवतरणात दिला तर तो शुद्ध दशांश ०.१ धरतो, तुमच्या फंक्शनला मात्र बायनरीतला जवळचा आकडा मिळालेला असतो. दोन्हीकडे तेच बिट जायला हवेत, म्हणून तिथे अवतरण नको.

‘माझ्या मशिनवर पास होतं’ हे वाक्य पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे पॅच सामील करून घेण्याची विनंती) लिहू नका. साध्या लिनक्स पीसीवर लाँग डबल हा फ्लोटचा प्रकार ८० बिटांचा असतो, ॲपलच्या आर्म मशिनवर ६४ चा. एका प्रोसेसरवर एव्हीएक्स५१२ (एका वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) चालतं, दुसऱ्यावर नाही. ओपनब्लास आणि ॲक्सेलरेट या गणिताच्या लायब्ररींची मॅट्रिक्स गुणाकारातली शेवटची बिट्स जुळतीलच असं नाही. फ्लोटची तुलना दोन बरोबर चिन्हांनी करणाऱ्याला हे लवकरच कळतं.

दुसरा लाडका प्रकार म्हणजे वेगाचा पॅच. वेरियन्ससाठी (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) नमपाय डेटावरून दोनदा जातं: आधी सरासरी, मग प्रत्येक आकड्यातून ती वजा करून वर्ग. नवख्याला वाटतं, शाळेतलं सूत्र वापरलं तर एकाच फेरीत होईल: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. कागदावर दोन्ही सारखीच. मग १०० कोटी, १०० कोटी १ आणि १०० कोटी २ हे तीन आकडे फ्लोट६४ मध्ये घालून बघा. खरं उत्तर ०.६६६…. पण वर्ग एकावर अठरा शून्यं इतके मोठे होतात, आणि तिथे फ्लोट६४ च्या लगतच्या दोन संख्यांत १२८ चं अंतर असतं. म्हणजे वजाबाकीचं उत्तर ०, १२८, उणे १२८ असंच काहीतरी येणार. ०.६७ येणं शक्यच नाही. उणे आलं तर स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गमुळात नॅन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. एका फेरीतच करायचं असेल तर वेल्फर्डची १९६२ ची पद्धत आहे, तीत आकड्यागणिक भागाकार येतो. वेगाची हौस असणाऱ्यांनी तो आधी मोजून बघावा. मोजमाप स्पिन बेंचने (नमपायमध्ये वेग मोजायची कमांड), मेन ब्रँचशी, म्हणजे मुख्य कोडशी, तुलना करून, छोट्या आणि मोठ्या दोन्ही ॲरेंवर. पायथनचं वेळ मोजणारं टाइमइट एकदा चालवून घेतलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही.

टेस्टमध्ये सगळे ॲरे सरळसोट असतात हीसुद्धा खोड. एक ते दहा आकडे, सी ऑर्डर (ओळीमागून ओळ), सलग मेमरी. वापरणारे मात्र उलटा केलेला स्लाइस देतात, ट्रान्सपोज देतात, शून्य लांबीचा ॲरे देतात, शून्य मितीचा देतात, उलट्या बाइट क्रमाचा डीटाइप देतात आणि फक्त वाचता येणारा बफरही देतात. सी कोडला हात लावला असेल तर या सहाही गोष्टी टेस्टमध्ये हव्यात. स्ट्राइड (मेमरीत एका घरापासून पुढच्या घरापर्यंतचं अंतर) गृहीत धरलेला कोड पहिल्या दोनमध्येच उघडा पडतो.

सी मध्येच असाल तर लांबीसाठी इंट वापरू नका, एनपीवाय इंटपी वापरा. २,१४,७४,८३,६४७ पेक्षा जास्त घरं असलेले ॲरे लोक खरंच वापरतात, आणि सीआयवर इतक्या मोठ्या ॲरेची टेस्ट सहसा चालत नाही, त्यामुळे हा बग थेट वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतो. रेफरन्स काउंटचंही (एखादी वस्तू किती ठिकाणी धरून ठेवलीय त्याची मोजणी) तेच: पायॲरे न्यूफ्रॉमडिस्क्र दिलेला डिस्क्रिप्टरचा रेफरन्स स्वतःकडे घेतं. त्यानंतर तुम्ही पुन्हा डेक्रेफ केलंत (मोजणी एकने कमी केलीत) तर क्रॅश तिथे होत नाही, भलत्याच जागी होतो, आणि दोन दिवस जातात.

नमपायच्या आवृत्ती २ चे नियम न वाचता डीटाइपच्या टेस्ट लिहू नका. फ्लोट३२ च्या स्केलरमध्ये (सुट्या आकड्यात) पायथनचा ३.० मिळवला तर पूर्वी फ्लोट६४ यायचा, २०२४ च्या २.० पासून फ्लोट३२ च राहतो. यूइंट८ च्या (२५५ पर्यंतच मावणाऱ्या प्रकाराच्या) १ मध्ये ३०० मिळवले तर आता ओव्हरफ्लो एरर येते. विंडोजवरचा डीफॉल्ट पूर्णांकही तेव्हापासून ६४ बिटांचा झाला. जुन्या उत्तरांवरून केलेली उतारेगिरी इथे उघडी पडते.

रँडम डेटा हवा असेल तर जनरेटरला सीड (सुरुवातीचा ठरलेला आकडा) द्या, पण त्यातून येणारे आकडे टेस्टमध्ये ठोकून बसवू नका. नव्या जनरेटरचा क्रम आवृत्त्यांमध्ये तोच राहील अशी हमी नाही.

बदल केला तरी परिणाम दिसत नसेल तर आधी इम्पोर्ट झालेलं नमपाय कुठलं ते बघा. त्याचं फाइल अ‍ॅट्रिब्यूट छापा. दहातल्या नऊ वेळा ते पिपने बसवलेलं जुनं असतं. स्पिन टेस्ट वापरलं की हा घोळ होत नाही, कारण ते आधी बिल्ड करतं.

बिल्ड सुरू होताच मेसॉन या बिल्डच्या साधनाने तक्रार केली तर बहुधा सबमोड्यूल (रिपॉझिटरीत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी) आणले नाहीत एवढंच कारण असतं. आणि कमिट करताना सगळ्या फाइली एका फटक्यात घेणाऱ्यांनो, गिट स्टेटस वाचा: सबमोड्यूलचा पॉइंटर न कळत बदलून पीआरमध्ये येणं ही सगळ्यात कंटाळवाणी रिव्ह्यू कमेंट आहे. मेन ब्रँच स्वतःच्या ब्रँचमध्ये वारंवार मर्ज करू नका, रिबेस करा (आपले कमिट मेनच्या टोकावर नव्याने बसवा). एका पीआरमध्ये एकच बदल. बग दुरुस्त करता करता चाळीस फाइलींचं फॉरमॅटिंग केलंत तर बग कुठे होता ते शोधायलाच रिव्ह्यूअरची संध्याकाळ जाते. आणि दुसऱ्या दिवशी ‘काही अपडेट?’ अशी पिंग करू नका. बरेच मेन्टेनर हे काम नोकरी सांभाळून करतात. पीआरच्या वर्णनात बग पुन्हा दाखवणाऱ्या पाच ओळी आणि आधीचं-नंतरचं आउटपुट असेल, तर तो पीआर पिंग न करताही लवकर उघडला जातो.