जुन्या बुलेटला सायलेन्सर घेताना

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 म्हणजे 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 90 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि आत जडशीळ फ्लायव्हील. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग, 900 आरपीएमवर असेल तर सेकंदाला साडेसात ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका कानाला सुटा ऐकू येतो. डुगडुग येते ती इथून. सायलेन्सर फार तर त्या ठोक्यातला कर्कशपणा गाळतो, त्यामुळे दुकान गाठायच्या आधी इंजिन ठीक करा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) सैलाई, गाडी पूर्ण थंड असताना बघायचे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दाबाच्या धावेत अगदी वरच्या टोकाला, आणा. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. मग इंजिन चालू करून पेटती अगरबत्ती बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकलेला पाईप) हेडला जोडला आहे तिथे आणि पुढे सायलेन्सरच्या सांध्याशी धरा. धूर ठोक्यागणिक उडत असेल तर तिथे लीक आहे. या बुलेटचा बेंड हेडला नुसता दाबून बसवलेला असतो, आट्याची रिंग नसते, म्हणून जुन्या गाडीत तो हमखास सैल होतो. 'सायलेन्सर फाटल्यासारखा वाजतोय' अशा तक्रारींपैकी बऱ्याच या सांध्याशीच मिटतात आणि पैसे वाचतात.

आता निवड. बाजारात शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, डॉल्फिन, इंदोरी अशी नावं चालतात, पण ती बाहेरच्या आकाराची नावं आहेत. एकाच गोल्डस्टार आकारात तीन कारागीर तीन वेगळी पोटं भरतात. विचारायचं ते आत काय आहे. एक प्रकार कप्प्यांचा: आडव्या पडद्यांमधून धूर वळणं घेत बाहेर येतो. हा खालचा सूरही दाबतो, म्हणून आवाज मवाळ लागतो. दुसरा ग्लासवूलचा: मधून सरळ भोकांची नळी, तिच्याभोवती काचेची लोकर. लोकर तीक्ष्ण, फटफटणारे सूर शोषते आणि जाडा सूर बराचसा जाऊ देते. जुन्या बुलेटला भारदस्त आवाज हवा असेल तर लांब पोटाचा, लोकर नीट गच्च भरलेला हा प्रकार घ्या. शॉर्ट बॉटलमध्ये लोकरीला जागाच कमी, त्यामुळे गाडी ओढताना ती कडाडते. रिकामी नळी तर नकोच; गल्लीच्या टोकाला ती छान वाटते, पण तासभर चालवल्यावर डोकं उठतं.

दुकानात सायलेन्सर हातात घ्या. बोटाच्या पेराने पोटावर टिचकी मारा: 'ठप्प' आवाज आला तर आत भरण आहे, 'टण्ण' आला तर पोकळ किंवा पत्रा पातळ. पत्रा 1.2 मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर तो स्वतःच झणझणतो. मागून टॉर्च टाकून आतली भोकं बघा, त्यातून बारीक तार घाला. लोकर असेल तर ती अडते. आतली बॅफल (भोकांची नळी) बोल्ट काढून बाहेर येते का, हेही विचारा, कारण लोकर जळून उडते आणि पुन्हा भरावी लागते. मुंबई, कोकण, गोव्यात क्रोमच्या पत्र्यापेक्षा स्टेनलेस परवडतं. थोड्या अंतरावर फिरून रोज बंद होणाऱ्या गाडीत पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो, म्हणून पोटाच्या सर्वांत खालच्या बिंदूला 3 मिमीचं भोक असू द्या.

माप अंदाजाने घेऊ नका. बेंडच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने दोन जागी मोजा, कारण जुना पाईप अंडाकृती झालेला असतो. सायलेन्सरचं तोंड त्याहून अर्धा मिमी मोठं पुरे. जास्त फट असेल तर क्लँप कितीही आवळा, गळणारच. किक आणि गियर याच उजव्या बाजूला असतात, तेव्हा किक पूर्ण खाली दाबून आणि गियर टाकून बघा. मागचा ॲक्सल काढायला जागा राहते का, तेही बघा.

बसवताना सगळे बोल्ट ढिले ठेवून सायलेन्सर हाताने जागेवर येतो का, ते पाहा. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर बोल्टने ओढून जुळवू नका. काही दिवसांतच वेल्डिंगला चीर जाते. ब्रॅकेट वाकवा किंवा वॉशर घाला. मग हेडपासून मागे आवळत या. पहिल्या चक्करनंतर गाडी थंड झाली की पुन्हा आवळा. सिलिकॉन लावायचा तर मागच्या सांध्याला. हेडच्या तोंडाशी तो जळून जातो.

सरळ नळीचा सायलेन्सर बसवला की पेट्रोल-हवेचं मिश्रण बरेचदा पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजले तर आधी लीक बघा, मग कार्बोरेटर. मिककार्ब कार्बोरेटरच्या एअर स्क्रूला आत फिरवलं की मिश्रण जाड होतं. एका वेळी पाव फेराच फिरवा. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर कार्बोरेटरच्या नीडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येते. मेन जेट एक नंबर मोठा करून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल द्या, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी ठीक, पांढरा म्हणजे पातळ, काजळीने काळा म्हणजे जाड. फार जाड केलंत तर पीयूसीत अडकाल. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंतच चालतो.

'बॅकप्रेशर (धुराला सायलेन्सरचा अडथळा) नसेल तर व्हॉल्व्ह जळतो' असं अनेक मिस्त्री सांगतात. व्हॉल्व्ह जळतो तो पातळ मिश्रणाने आणि घट्ट टॅपेटने. डुगडुग वाढवायला ठिणगीचं टाइमिंग मागे घेणं किंवा आयडल मरणासन्न ठेवणं हे त्याहून वाईट: पहिल्यात एक्झॉस्ट तापून बेंड निळा पडतो, दुसऱ्यात ऑइलचा पुरवठा कमी पडतो.

जुन्या टू-स्ट्रोक येझ्दी, जावा, राजदूतला यातलं काही लावू नका. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाच्या ओढीचाच भाग असतो, आणि ऑइलमुळे लोकर चिकट लगदा होते. तिथे मूळची जाळी काढून साफ करा.

मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाचं उल्लंघन केल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीला आरटीओत गाडी न्यावी लागते. मूळ सायलेन्सर आतून ऑइल फिरवून, दोन्ही तोंडं कापडाने बांधून कोरड्या माळ्यावर ठेवा, क्लँप आणि बोल्ट त्यालाच बांधून.