मोत्याची थंडी

आमचं घर मेढ्याजवळ. डिसेंबरात वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हा इथेही पहाटे अंगणात पाय ठेववत नाही. आमचा कुत्रा मोत्या मात्र बाहेरच राहतो; घरात घेतला तर रात्रभर दार खरवडतो.

पहिल्या वर्षी मी मायेनं त्याच्या खोक्यात जुनी गोधडी घातली. चूक झाली. दवानं, ओल्या पायांनी ती भिजली आणि कुत्रं ओल्यावरच झोपलं. आता भाताचा कोरडा पेंढा वीतभर घालते. त्यात तो गोल फिरून खळगा करतो, अंगाची ऊब तिथंच राहते. पेंढा दमट लागला की बदलायचा.

खोकं मोठं नको. कुत्र्याला उभं राहून वळता आलं, की बास. मोठ्या खोक्यात त्याच्या अंगानं हवा तापत नाही. खाली चार विटा, वर पत्रा, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला आणि दारावर बारदानाचा पडदा.

रात्री अर्धी भाकरी जास्त, पाणी कोमट. थंडीत आंघोळ नाही, केस कापणं नाही. शेकोटीच्या गरम राखेत कुत्री लोळतात, पोळतात. राख विझवूनच झोपा.

पिल्लं आणि म्हातारी कुत्री मात्र घरातच घ्या. थंडीनं खूप थरथरणारं कुत्रं एकदम सुस्त पडलं तर थंडी गेली असं समजू नका. कोरडं पुसा, कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.