फार्सालसची लढाई टेबलावर: चौथी फळी लपवायची कशी

पहिल्यांदा फार्सालस मांडली तेव्हा मी सीझरच्या सगळ्या सोंगट्या उघड्या ठेवल्या. समोर पाँपे होऊन बसलेल्या भाच्याने चौथी फळी पाहिली आणि घोडदळ जागचं हलवलंच नाही. डाव तिथेच विझला. सीझर आणि पाँपे या दोन रोमन सेनापतींमधली इ.स.पू. ४८ची ही लढाई त्याच फळीने, म्हणजे पाँपेचं घोडदळ अडवायला सीझरने मागे लपवलेल्या तुकडीने फिरवली, म्हणून आधी तिची सोय करा.

टेबलाच्या एका कडेला निळी रिबीन, ती एनिपेउस नदी. पुठ्ठ्याची एक सोंगटी म्हणजे दोन कोहॉर्ट, रोमन पायदळाच्या तुकड्या: सीझरचे ८०, म्हणून ४० सोंगट्या; पाँपेचे ११०, म्हणून ५५. घोडदळाची सोंगटी ५०० स्वारांची. पाँपेकडे अशा १४, सीझरकडे फक्त २. नदीने एक बाजू बंद केलेली, त्यामुळे पाँपेचा घोडदळप्रमुख लाबिएनस याचे स्वार सगळे दुसऱ्या टोकाला.

सीझर स्वतःचे २२,००० आणि पाँपेचे ४५,००० सांगतो. भागाकार केला तर त्याच्या कोहॉर्टमध्ये २७५च गडी येतात, समोर चारशेच्या वर. पण सीझरचे गडी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, लढायांत मुरलेले. म्हणून त्याच्या सोंगटीला ३ दम, पाँपेच्या सोंगटीला २. भिडल्यावर दोघांनी फासा टाकायचा, पाँपेने त्यात १ मिळवायचा. ज्याचं दान कमी त्याचा एक दम गेला.

आता चिठ्ठी. दोघांनीही इतिहास वाचलेला असतो, म्हणून सीझरची तिसरी फळी पूर्ण उलटी ठेवा. त्यातल्या किती सोंगट्या उजव्या टोकामागे नेल्या, ते सीझरने चिठ्ठीवर लिहायचं, शून्य ते सहा, आणि त्यांच्या जागी कोरे पुठ्ठे ठेवायचे. खऱ्या लढाईत सहा कोहॉर्ट होते, म्हणजे तीन सोंगट्या. स्वार जवळ आले की चिठ्ठी उघडायची. स्वारांची एक सोंगटी पळाली तर शेजारच्या प्रत्येकीसाठी फासा टाका. १ ते ३ पडलं की तीही पळाली. हजारो घोडी दाटीत असताना मागे वळणं म्हणजे चेंगराचेंगरी, ती या नियमात उतरते.

पाँपेने पायदळाला जागीच उभं राहून हल्ला झेलायला सांगितलं होतं. सीझरला ती चूक वाटली. खेळात ही सक्ती नको, पाँपेला ठरवू द्या. सीझरच्या गड्यांनी मात्र अर्ध्या वाटेत एक चाल थांबावं, नाहीतर भिडण्याआधीच एक दम कमी. ते खरोखरच तसे थांबले होते.

मागच्या रविवारी भाचा सीझर झाला. चौथ्या फळीच्या धास्तीने मी सात चाली घोडदळ रोखून धरलं. शेवटी चिठ्ठी उघडली, तर तिच्यावर शून्य होतं.