जुन्या एजफील्डच्या मृत्यूनोंदी वाचताय? या चुका टाळा

साउथ कॅरोलायनातली एजफील्ड काउंटी एकोणिसाव्या शतकात खूनखराब्यासाठी बदनाम होती. 1856 मधे सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठी मोडेपर्यंत मारणारा प्रेस्टन ब्रुक्स इथला, पुढे गव्हर्नर झालेला बेन टिलमनही इथलाच. त्यामुळे अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्या मुलांना प्रोजेक्टसाठी 'हिंसा आणि मृत्यू' असा विषय मिळाला की एजफील्डचं नाव निघतंच, आणि कोणाच्या तरी ओळखीतून मला मेसेज येतो की ताई, मृत्यूंचा डेटा कुठून डाउनलोड करायचा. मी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात राहते, सवाना नदीचा पूल ओलांडला की साउथ कॅरोलायना, आणि बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी हे कागद वाचतेय. मदत करायला मला आवडतं. पण तेच तेच घोळ इतक्यांदा निस्तरलेत की आता एकदाच लिहून टाकते.

मृत्यूचं रजिस्टर असेलच असं धरून चालणं

नाहीये. साउथ कॅरोलायनात राज्यभर मृत्यूची नोंदणी सुरू झाली 1915 मधे. त्याआधी खेड्यात कोण कधी गेलं याचं सरकारी पुस्तकच नाही. आहेत ती जनगणनेची मॉर्टॅलिटी शेड्युल्स, म्हणजे मृत्यूंच्या याद्या, 1850, 1860, 1870 आणि 1880 ची, आणि त्यातही फक्त आदल्या 1 जूनपासून 31 मेपर्यंतचे मृत्यू. म्हणजे दहा वर्षांतलं एकच वर्ष. जुलै 1850 मधे गेलेला माणूस ना 1850 च्या यादीत सापडणार ना 1860 च्या. तरी मुलं चार याद्यांचे चार ठिपके जोडून रेघ ओढतात आणि सांगतात की सिव्हिल वॉरनंतर हिंसा इतक्या टक्क्यांनी वाढली. 1876 हे तिथलं फार रक्तरंजित वर्ष, आणि ते चारही याद्यांच्या बाहेर आहे, मग ती रेघ कसली?

आणि यादीतलं वर्ष असलं तरी माहिती देणार कोण, घरातलं माणूस. जनगणनेवाला दारात उभा राहून विचारणार, वर्षभरात या घरात कोणी गेलं का. ज्याला मारलं त्याची बायकापोरं जिवाच्या भीतीने गाव सोडून गेली असतील तर उत्तर द्यायला दारात कोण उरलंय.

'स्मदर्ड' (गुदमरून मृत्यू) म्हणजे खून असं समजणं

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मेलेल्यांवर नाही तर त्यांच्या आयांवर अन्याय करते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने 1850 आणि 1860 च्या याद्या घेऊन चार्ट केला. हुशार मुलगा, कोडिंग म्हणजे हातचा मळ. मूळ पान मात्र एकही उघडलेलं नव्हतं, कोणीतरी टाइप केलेली यादी उचलली आणि शॉट, स्टॅब्ड, किल्ड, स्मदर्ड असे शब्द शोधून सगळे 'हिंसक मृत्यू'मधे घातले. प्रेझेंटेशनला दोन दिवस उरलेले आणि त्याचा निष्कर्ष काय, तर गुलामगिरीतल्या बायकांनी स्वतःची बाळं मारण्याचं प्रमाण भयंकर होतं. माझ्या पोटात गोळाच आला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर बसून आम्ही एकेक पान उघडलं.

ओळ साधारण अशी असते. नावाच्या जागी नुसतं 'इन्फंट' किंवा फार तर पहिलं नाव. वय 3/12, म्हणजे तीन महिने (एक्सेलने याची सरळ तारीख करून टाकली होती, तेही त्याने पाहिलं नव्हतं). मग बी म्हणजे ब्लॅक, एस म्हणजे स्लेव्ह, महिना जानेवारी, कारण 'स्मदर्ड', आणि किती दिवस आजारी होतं त्या रकान्यात 'सडन'. बास, एवढंच.

आता हे सांगितलं कोणी? आईने नाही. जनगणनेवाल्याने मालकाला नाहीतर त्याच्या मुकादमाला विचारलं, आणि तो म्हणाला असणार की झोपेत आईच्या अंगाखाली आलं. नंतर इतिहासकारांनी या बाळांची वयं आणि महिने मांडून बघितले तर मृत्यू बहुतेक पहिल्या काही महिन्यांतले आणि थंडीत जास्त. आज रात्री बरं झोपलेलं बाळ सकाळी उठत नाही, त्याला क्रिब डेथ म्हणतात, त्याचा नमुना अगदी हाच. दिवस भरत आले तरी कापसाच्या शेतात राबणारी, अर्धपोटी बाई, तिचं अशक्त बाळ अचानक जातं, आणि दोष तिच्याच नावावर कायमचा लिहिला जातो. दीडशे वर्षांनी आपण तो चार्टमधे लाल रंगाने परत छापायचा का?

माझी सवय सांगते. शीटमधे मृत्यूच्या कारणाआधी मी एक रकाना ठेवते, 'सांगणारा कोण'. तो भरल्याशिवाय कारणाच्या रकान्याला हात लावत नाही. वेळ लागतो, दिवसाला वीस-पंचवीस ओळी होतात, होऊ देत. त्या मुलाने शेवटी विषयच बदलून 'स्मदर्ड' या एका शब्दावर प्रेझेंटेशन दिलं आणि ते फार चांगलं झालं.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा, खरी हिंसा साध्या शब्दांत लपते. तिथे 1821 चा एक कायदा होता, गुलामाचा ठरवून खून केला तर फाशी, पण रागाच्या भरात मारलं तर जास्तीत जास्त 500 डॉलर दंड आणि सहा महिने कैद. म्हणजे कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) पंचांनी कागदावर कुठला शब्द लिहिला यावर मालकाचा गळा अवलंबून. पंच कोण, तर मालकाचेच गोरे शेजारी, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्या गुलामांची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चालतच नव्हती. अशा कागदावर 'अपघात' किंवा 'देवाची करणी' असं वाचलं की मी थांबते आणि अंगावरच्या जखमांचं वर्णन परत वाचते.

आजच्या नकाशावर जुनी काउंटी शोधणं

यात माझेही दोन अख्खे दिवस गेलेत. 8 जुलै 1876 ला हॅम्बर्ग गावात काळ्या मिलिशियाच्या लोकांना गोऱ्या जमावाने घेरलं, नदीपलीकडून, म्हणजे आमच्या ऑगस्टातून, तोफ आणली, आणि शरण आलेल्यांतल्या काहींना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. किमान सहा काळी माणसं आणि एक गोरा मेला. हल्ल्यातले पुष्कळ लोक एजफील्डचे, सगळीकडे एजफील्डचंच नाव येतं, म्हणून मी एजफील्डचे कॉरोनरचे कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. एक ओळ नाही. मला वाटायला लागलं कोणीतरी कागद गायब केले. पण 1871 मधेच हॅम्बर्ग नव्या एकेन काउंटीत गेलं होतं! चौकशी केली ती तिथल्या ट्रायल जस्टिसने, म्हणजे स्थानिक न्यायाधीशाने, प्रिन्स रिव्हर्सने. हा माणूस स्वतः गुलामगिरीतून सुटून युनियनच्या फौजेत सार्जंट झालेला, आणि मृतदेहांवर पंच बसवून त्याने मारेकऱ्यांची नावं कागदावर आणली. शिक्षा एकालाही झाली नाही. तरी तो कागद झाला, आणि मी भलत्याच काउंटीत बसून तो नाहीच असं म्हणणार होते.

तेव्हापासून पहिलं पान वाचायच्या आधी काउंटीची जन्मपत्रिका काढते. एजफील्डला 1868 पर्यंत डिस्ट्रिक्ट म्हणायचे. 1871 ला एकेन तुटली, 1895 ला सलूडा, 1897 ला ग्रीनवुड. तिथल्या फिनिक्स गावात नोव्हेंबर 1898 मधे निवडणुकीवरून कत्तल झाली ती ग्रीनवुडमधे, काउंटी होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

बाकीच्या छोट्या पण रोजच्या

पेपरात तारखेपुढे 'इन्स्ट' असेल तर चालू महिना, 'अल्ट' असेल तर मागचा. एजफील्ड अ‍ॅडव्हर्टायझर वाचताना हे विसरलात तर माणूस मेल्यानंतर महिन्याने मारामारी करताना दिसेल.

'डीओ' म्हणजे डिट्टो, वरच्यासारखंच. डॉक्टर नाही.

1871 मधे अध्यक्ष ग्रँटने कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गुप्त संघटनेमुळे नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क) स्थगित केला, त्यात एजफील्ड नव्हती. म्हणून एजफील्ड शांत होती असं लिहू नका.

1865 नंतरच्या काही वर्षांसाठी फ्रीडमेन्स ब्युरोचे, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे, कागद बघाच. खून-अत्याचारांचे रिपोर्ट आहेत, ऑनलाइन फुकट आहेत, आणि मुलं ते सोडतात कारण अक्षर लागत नाही. चार दिवस बसा, लागतं.

निकालाची ओळ तेवढी उचलणं

कॉरोनरच्या कागदात शेवटी निकाल असतो आणि घाईतला माणूस तिथेच पोचतो. लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने खटल्याशिवाय ठार मारल्याच्या, प्रकरणात तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू. ते वाचून शीटमधे 'मारेकरी: माहीत नाही' असं भरतात. अहो, अख्ख्या गावासमोर मारलेल्या माणसाचा मारेकरी माहीत कसा नसेल? निकालाआधीच्या साक्षी वाचा. कोणी घोडा ओळखलेला असतो, कोणी आवाज, कोणी म्हणतं मी घरात होतो आणि मला काही ऐकू आलं नाही, आणि त्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर असतं. खाली सह्या नाहीतर फुली असते. मी त्या रकान्यात आता 'पंचांनी नाव घेतलं नाही' असं लिहिते आणि साक्षीतली नावं पुढच्या रकान्यात उतरवून घेते.